पंपाची ऊब की प्रवाहाचा ताण? एंडोथेलियल पेशींतील एचएसपी७०चे एक प्रकरण

पार्श्वभूमी

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला एंडोथेलियल पेशींचा जेमतेम एक पदर असतो. रक्त त्याला घासत वाहते. या घासण्याचे मोजमाप म्हणजे शिअर स्ट्रेस, मराठीत घर्षणताण. निरोगी धमनीत तो साधारण १० ते ७० डाइन प्रति चौरस सेंटीमीटर असतो, शिरांमध्ये १ ते ६. धमनीला जिथे फाटा फुटतो किंवा तीव्र वळण येते तिथे प्रवाह मागेपुढे हेलकावतो आणि ताण ४च्या खाली उतरतो. चरबीचे थर नेमके अशाच जागी बसतात, म्हणून या पेशी प्रवाह कसा ‘ओळखतात’ हा प्रश्न हृदयविकारावर काम करणाऱ्यांची पाठ सोडत नाही.

ताण-प्रथिने, म्हणजे संकटात पेशीला सांभाळणारी हीट शॉक प्रोटीन्स (एचएसपी), या चित्रात शिरतात ती निरनिराळ्या दारांनी. एचएसपी२७ला प्रवाह सुरू होताच फॉस्फेट चिकटते. गाईच्या महाधमनीच्या पेशींत हे १९९६मध्ये दाखवले गेले. एचएसपी९० हे नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या ईएनओएस या विकराला येऊन बिलगते आणि त्याचे काम वाढवते, हे १९९८चे. प्रवाहाने एचएसपी६० वाढते, हे २०००चे. राहिले एचएसपी७०. या कुटुंबाचे नावच मुळी उष्णतेवरून पडलेले. १९६२मध्ये जनुकशास्त्रज्ञ रिटोसा यांना फळमाशीच्या लाळग्रंथींत, तापमान चढल्यावर गुणसूत्रांवर आलेले फुगवटे दिसले, तिथून ही कथा सुरू होते. नावातला हा इशारा या प्रकरणात बराच काळ कोणी मनावर घेतला नाही.

विदर्भातल्या एका संशोधन संस्थेची ही पेशीसंवर्धन प्रयोगशाळा. पीएचडीच्या विद्यार्थिनीचा प्रश्न सरळ होता: सलग २४ तास १२ डाइनचा एकसुरी प्रवाह दिला तर मानवी नाळेच्या शिरेतल्या एंडोथेलियल पेशींत एचएसपी७० वाढते का? उत्तर ‘हो’ आले असते, तर सुरळीत प्रवाह वाहिनीचे रक्षण करतो या जुन्या मताला आणखी एक टेकू मिळाला असता.

मांडणी

संमती घेऊन प्रसूतीनंतर मिळालेल्या नाळा, कोलॅजनेज या विकराने सोडवलेल्या पेशी, तिसऱ्या-चौथ्या पॅसेजपर्यंतच (नव्या थाळीत हलवून वाढवण्याच्या फेरीपर्यंतच) वापर. काचपट्टीवर फायब्रोनेक्टिनचा लेप, चौरस सेंटीमीटरला ५०,००० पेशी, ४८ तासांत पदर गच्च भरायचा. पट्टीवर समांतर-पट्ट फ्लो चेंबर बसवायचा: रुंदी २.५ सेंमी, सिलिकॉन गॅस्केटमुळे सुटलेली फट ०.०२५ सेंमी.

हिशोब असा: घर्षणताण = ६ × श्यानता × प्रवाह ÷ (रुंदी × फटीचा वर्ग). ३७ अंशांना माध्यमाची, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्याची, श्यानता (घट्टपणा) ०.००७२ पॉइज धरली तर १२ डाइनसाठी सेकंदाला ०.४३ मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला २६ मिलिलिटर प्रवाह लागतो. रेनॉल्ड्स अंक (प्रवाह खळबळेल की नाही हे सांगणारा आकडा) २४च्या आसपास, म्हणजे प्रवाह निःशंक एकसुरी. या सूत्रात सगळ्यात जास्त घात करते ती फट, कारण तिचा वर्ग होतो. स्क्रू जरा जास्त आवळले आणि गॅस्केट ०.२५ मिमीवरून ०.२२वर दबले, की १२चे १५.५ डाइन होतात आणि पंपाच्या आकड्याला त्याचा पत्ताही नसतो. इथे टॉर्कचा स्क्रूड्रायव्हर वापरला जात होता, तेवढी काळजी घेतलेली होती.

पेरिस्टाल्टिक पंप (रोलरने नळी चेपत द्रव ढकलणारा) सीओटू इन्क्युबेटरच्या आत, खालच्या कप्प्यात होता. कारणे पटण्याजोगी: नळी आखूड राहते, माध्यम वाटेत गार होत नाही, जंतुसंसर्गाचा धोका कमी. पंप आणि बाटलीने तो इन्क्युबेटर भरून गेल्यामुळे प्रवाह नसलेल्या, म्हणजे स्थिर नियंत्रणाच्या पट्ट्या शेजारच्या दुसऱ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या जात. दोन्हींचा डिस्प्ले सकाळी ३७.० दाखवायचा. सगळे प्रकरण या एका वाक्यात होते, पण ते वाक्य तेव्हा कोणी वाचले नाही.

अडचण

एप्रिल-मेमधल्या तीन फेऱ्यांत, तीन वेगवेगळ्या नाळांच्या पेशींत, प्रवाहाच्या पट्टीवर एचएसपी७०चा पट्टा, म्हणजे जेलवर प्रथिने वजनानुसार वेगळी केल्यावर उमटणारी रेघ, ठसठशीत आला. प्रथिन ओळखून त्याला चिकटणारी अँटिबॉडी फक्त प्रवर्तित, म्हणजे ताण आल्यावर बनणारे, एचएसपी७० ओळखणारी, सी९२ क्लोन होती. हे महत्त्वाचे, कारण काही अँटिबॉडी त्याच्या नेहमीच असणाऱ्या भावंडालाही, एचएससी७०ला, धरतात आणि ७२ व ७३ किलोडाल्टनचे दोन पट्टे एकमेकांत मिसळून जातात. ती चूक इथे नव्हती. परिषदेसाठी गोषवारा पाठवला गेला.

पहिली खटक लागली ती जुन्या वहीत. जानेवारीत दोन फेऱ्या झाल्या होत्या आणि त्यांत फरक जवळपास नव्हता. ‘तंत्र अजून बसत होते’ असा शेरा मारून त्या बाजूला टाकलेल्या होत्या. फेऱ्या वगळण्याचा निर्णय निकाल पाहून झाला होता, आधी ठरवलेल्या निकषावर नव्हे. पेशी पट्टीवरून निघाल्या होत्या का, बुडबुडा गेला होता का, प्रवाह थांबला होता का, याची वहीत एकही नोंद नव्हती.

दुसरी खटक अधिक बोलकी होती आणि ती जवळजवळ फुकटात मिळाली. गाइडने कमी ताणाची तुलना मागितली. विद्यार्थिनीने पंपाला हात न लावता गॅस्केट बदलले: ०.२५ऐवजी ०.५ मिमी. फट दुप्पट, ताण एक-चतुर्थांश, म्हणजे १२चा ३ डाइन. पंपाचा वेग, नळी, माध्यम, वेळ सगळे तेच. प्रवाह ओळखणाऱ्या केएलएफ२ या जनुकाचा आरएनए अपेक्षेप्रमाणे ३ डाइनला पुष्कळ कमी आला. पेशीही १२ डाइनला प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन रांगेत लागल्या होत्या, ३ डाइनला तशा नव्हत्या. एचएसपी७० मात्र दोन्हीकडे सारखेच. ताण चौपट होऊनही जे तसूभर हलत नाही, ते ताणाला उत्तर देत नाही. ते दुसऱ्या कशाला तरी उत्तर देत होते, आणि ती गोष्ट पंप चालू असताना तिथे होती.

पुढे जाण्याचे पर्याय

गटाच्या बैठकीत चार-पाच वाटा चर्चेला आल्या. एक मत होते की ३ डाइन हाच एचएसपी७०साठी पुरेसा उंबरठा असेल आणि त्यापुढे ते संपृक्त होत असेल. लिहून मोकळे व्हावे. हे अशक्य नाही, पण सोयीचे मात्र फार. मागच्या फेऱ्या का वेगळ्या होत्या याचे उत्तर त्यात नव्हते.

दुसरी वाट उपकरण बदलण्याची. हवेच्या दाबावर चालणारी पंप-प्रणाली मिळते, तिच्यात मोटर इन्क्युबेटरच्या बाहेर राहते. पण खरेदी निविदेच्या फेऱ्यात अडकली असती. ऑर्बिटल शेकरवर थाळी ठेवणे स्वस्त, मात्र तिथे ताण थाळीच्या मध्यभागी एक आणि कडेला दुसरा असतो, दिशाही फिरती. शिवाय शेकरची मोटरही तापते. शंकू-आणि-पट्टीचे यंत्र संस्थेत होते, पण ते रिऑलॉजीच्या, म्हणजे द्रव कसे वाहतात याच्या, कामात गुंतलेले आणि निर्जंतुक नव्हे.

संशयितांची यादी करणे हा तिसरा मार्ग होता आणि तोच निवडला गेला. यादी छोटी होती: तापमान, माध्यमाचे बाष्पीभवन, नळीतून झिरपणारी रसायने, पंपाच्या रोलरने फुटणाऱ्या पेशींचा कचरा. पैजेचा घोडा कोणता यावर मतभेद झाले. ऑस्मोलॅलिटीवर (द्रवात विरघळलेल्या क्षारांच्या दाटपणावर) बोट ठेवणाऱ्यांकडे जोरदार कारण होते: माध्यम खारट झाले तरी पेशी ताण-प्रथिने बनवतात, आणि सिलिकॉनची नळी पाण्याची वाफ सहज सोडते. तापमानावर फारसा कोणाचा भर नव्हता, कारण डिस्प्ले ३७ दाखवत होता.

गोषवाऱ्याचे काय करायचे हा निर्णय वेगळा होता आणि अवघडही. कारण शोधून होईपर्यंत थांबावे की आत्ताच मागे घ्यावा? गॅस्केटची तुलना हातात असताना ‘प्रवाहामुळे वाढते’ हे वाक्य उभे राहू शकत नव्हते, मग खरे कारण काहीही निघो. गोषवारा त्याच आठवड्यात मागे घेतला.

काय केले

टी-आकाराच्या जोडाने चेंबरच्या अगदी तोंडाशी, माध्यमाच्या आत, तापमान मोजणारा के-प्रकारचा बारीक थर्मोकपल बसवला आणि दर मिनिटाला नोंद ठेवली. फेरी नेहमीप्रमाणे सकाळी ११ला सुरू, दुसऱ्या दिवशी ११ला पेशी गोळा.

संध्याकाळपर्यंत आलेख ३७.२च्या आसपास सपाट. वीजबचतीच्या परिपत्रकानुसार रात्री आठला प्रयोगशाळेचे एसी बंद व्हायचे. त्यानंतर आलेख चढू लागला. रात्री दोनला माध्यम ३९.६ अंश; तेव्हा डिस्प्लेवर ३८.१. उच्च तापमानाचा अलार्म ३९वर लावलेला, त्यामुळे तो गप्प. सकाळी नऊला एसी सुरू झाले आणि अकरापर्यंत माध्यम ३७.४वर उतरलेले. म्हणजे पेशींनी रात्रभर ताप काढला होता आणि सकाळी बघणाऱ्याला सगळे ठीक दिसत होते. आठ-दहा तासांत बनलेले एचएसपी७० दोन तासांत नाहीसे होत नाही. ते पट्ट्यात उमटले.

यामागचे भौतिकशास्त्र साधे आहे. इन्क्युबेटरमध्ये हीटर असतो. बहुतेक मॉडेलांत थंड करणारे काही नसते. आतली उष्णता भिंतींतून बाहेर झिरपते आणि ती झिरप खोली व आतल्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते. खोली २५ असताना फरक १२ अंशांचा. पंपाची मोटर काही वॅट ओतत असली तरी हीटर तेवढा कमी चालतो आणि ३७ टिकते. मे महिन्याच्या रात्री बंद खोली ३४ झाली की फरक उरतो ३ अंशांचा, बाहेर जाणारी उष्णता पूर्वीच्या पावपट. हीटर पूर्ण बंद, तरी मोटरची उष्णता साचत राहते. म्हणूनच अशा इन्क्युबेटरसाठी खोली ठरलेल्या तापमानापेक्षा निदान ५ अंश गार हवी असे उत्पादक सांगतात. तेही आत काही तापणारे ठेवलेले नाही असे धरून. त्यात सेन्सर वर पंख्यापाशी आणि पंप खाली, रोलरखाली चेपली जाणारी नळी स्वतःही तापणारी. डिस्प्ले आणि माध्यम यांत दीड अंशाची तफावत तिथून आली.

स्थिर पट्ट्या होत्या त्या इन्क्युबेटरमध्ये पंपच नव्हता. तो त्याच रात्री ३७.१वर होता.

बाष्पीभवनवालेही अगदी चुकीचे नव्हते. पाण्याचा ट्रे कोरडा आढळला आणि २४ तासांनंतरच्या माध्यमाची ऑस्मोलॅलिटी सुरुवातीपेक्षा चढलेली होती. ट्रे भरणे आणि बाटलीला फिल्टरचे झाकण लावणे यावर ते निभावले.

पंप बाहेर काढणे हा उघड उपाय, पण पहिल्या प्रयत्नात उलटेच झाले. नळी मागच्या पोर्टमधून बाहेर नेऊन पुन्हा आत आणली. एसी चालू असलेल्या खोलीत माध्यम वाटेत गार झाले आणि चेंबरच्या तोंडाशी ३५.८ अंश. मिनिटाला २६ मिलिलिटरच्या वेगात माध्यम नळीच्या एका मीटरमधून वीसेक सेकंदांत निघून जाते. तेवढ्या वेळात इन्क्युबेटरची हवा त्याला पुन्हा तापवू शकत नाही. शेवटी बाहेरच्या नळीला फोमचे आवरण आणि आत, चेंबरच्या आधी, ३७ अंशांच्या पाण्यात बुडवलेले पातळ स्टेनलेस स्टीलचे वेटोळे, असे केल्यावर २४ तास ३६.८ ते ३७.२ मिळाले. बाहेर सिलिकॉनमधून सीओटू उडून जातो आणि माध्यमाचा रंग जांभळटाकडे झुकू लागतो. त्यासाठी आम्लता स्थिर ठेवणारे हेपेस, २५ मिलिमोलर, घातले. वेटोळ्यानंतर बुडबुडे पकडणारी छोटी बाटली बसवली, ती पंपाचे धक्केही शोषून घेते.

मग दोन-बाय-दोनची मांडणी: प्रवाह आहे किंवा नाही, रात्रीचे तापमान ३७ किंवा ३९.५. गरम गटांना नोंदवलेला चढ-उतारच परत दिला, दहा तास ३९.५ आणि मग उतार. जोडीला पक्का होकारार्थी नमुना म्हणून ४२ अंशांना अर्धा तास आणि ३७ला सहा तास विश्रांती दिलेल्या पेशी. प्रत्येक गटाला त्याच नाळेच्या, त्याच पॅसेजच्या पेशी.

एचएसपी२७साठी वेगळी, छोट्या वेळांची फेरी केली: ०, ५, १०, ३० आणि १२० मिनिटे. इथे हाताचा वेग निकाल ठरवतो. चेंबर उघडताना पट्टीवर हवा येते आणि पेशींना धक्का बसतो. फॉस्फेट एक-दोन मिनिटांत बदलू शकते. म्हणून आधीच बर्फगार पीबीएस या क्षारद्रवात, फॉस्फेट निघून जाऊ न देणारी सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट घालून ठेवायचे, पंप थांबवल्यापासून पेशी फोडणारा लायसिस बफर पडेपर्यंत ६० सेकंद, आणि शून्य मिनिटाच्या पट्टीलाही चेंबरमध्ये बसवून तसेच उघडायचे. हा शून्याचा नमुना साध्या थाळीतून घेणे ही नेहमीची चूक. मग उघडण्याचा धक्का प्रवाहाच्या खात्यावर जमा होतो.

निष्पत्ती

३७ अंशांच्या प्रवाहात एचएसपी७० स्थिर पेशींइतकेच निघाले. ३९.५च्या स्थिर पेशींत पट्टा मेमधल्यासारखा ठसठशीत. प्रवाह आणि ऊब एकत्र दिली तेव्हाही निव्वळ उबेपेक्षा वेगळे काही दिसले नाही. मेमधला सगळा परिणाम तापमानाचा होता. केएलएफ२ दोन्ही तापमानांना प्रवाहानेच चढले, म्हणजे प्रवाह पेशींपर्यंत पोचत होता. नकारार्थी निकालाला विश्वासार्हता आली ती यामुळे.

एचएसपी२७ची गोष्ट मात्र टिकली. त्याच्या सेरीन ८२ या जागेवरचे फॉस्फेट पाच-दहा मिनिटांत वर, दोन तासांत खाली. एकूण एचएसपी२७ जसेच्या तसे. पी३८ या किनेजला (फॉस्फेट चिकटवणाऱ्या विकराला) अडवणारे एसबी२०३५८० हे रसायन आधी दिले तर ही चढण जवळपास नाहीशी झाली. पी३८, त्याखाली एमके२ आणि मग एचएसपी२७ ही साखळी आधीपासून माहीत आहे, आणि पेशींतल्या अ‍ॅक्टिनच्या दोऱ्या प्रवाहाच्या दिशेने लावण्याशी ती जोडली जाते. प्रवाहाला पेशीचे पहिले उत्तर नवे प्रथिन बनवण्याचे नसून आहे त्या प्रथिनावर खूण करण्याचे आहे. प्रवाह एकदम पूर्ण वेगाने सोडण्याऐवजी पाच मिनिटांत हळूहळू चढवला तेव्हा ही चढण बुटकी आली. ताणापेक्षा ताणातला बदल पेशी जास्त जोराने ओळखतात, या समजुतीशी ते जुळते. शोधनिबंध शेवटी एचएसपी२७वर उभा राहिला आणि त्यात एचएसपी७०चा नकारार्थी निकाल आकृतीसह दिला.

काय वेगळे करता आले असते

स्थिर नियंत्रण दुसऱ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवणे ही मूळ चूक. जागा नव्हती हे खरे, पण मग पंप चालू ठेवून माध्यम चेंबरला वळसा घालून फिरवायचे आणि स्थिर पट्टी तिथेच शेजारी ठेवायची, एवढे पहिल्या दिवशी जमले असते. पंपाची ऊब, थरथर, नळीतून झिरपणारे, सगळे दोघांच्या वाट्याला सारखे आले असते.

गॅस्केट बदलून केलेली तुलना सगळ्यात शेवटी आली. ती पहिल्या महिन्यात व्हायला हवी होती. ताण-प्रथिनांच्या कामात पंपाचा वेग बदलून ताण बदलू नये, कारण वेगाबरोबर पंपाची उष्णता, धक्के आणि नळीची झीजही बदलते. फट बदलणे त्रासाचे वाटते, पण त्यात बाकी काही हलत नाही.

४२ अंशांचा होकारार्थी नमुना सुरुवातीपासून प्रत्येक जेलवर असता, तर मेमधला पट्टा त्याच्या शेजारी पाहून कोणालातरी साम्य खटकले असते. उष्णतेचा मुख्य कारभारी एचएसएफ१. त्याच्या सेरीन ३२६वरचे फॉस्फेट किंवा त्याच्याच हुकमाखालचे एचएसपी४० एकदा पाहिले असते, तर उष्णतेचा संशय आधीच बळावला असता. थर्मोकपलची गोष्टही तीच: अख्ख्या मांडणीतली सगळ्यात स्वस्त वस्तू सगळ्यात शेवटी बसवली गेली.

जानेवारीच्या फेऱ्यांबद्दल गटात अजून एकमत नाही. काहींच्या मते त्या सुरुवातीपासून मोजायला हव्या होत्या. विद्यार्थिनीचे म्हणणे, दुसऱ्या फेरीत पट्टीच्या कडेच्या पेशी खरेच निघाल्या होत्या, फक्त तिने ते लिहिले नाही. आता वहीत फेरी वगळण्याचे निकष पहिल्या पानावर, निकालाच्या आधी लिहिलेले असतात. रोजच्या तक्त्यात खोलीच्या तापमानाचा एक रकाना वाढला आहे, रात्री दोनच्या नोंदीसह. एसी बंद करण्याच्या परिपत्रकातून त्या एका खोलीला सूट मिळायला आणखी सात महिने लागले. तोवर लांब फेऱ्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच झाल्या.